आठ रुपयांचा हिशेब

(तृतीय वर्ष, स्थापत्य)

गोपाळ कृष्ण गोखले म्हटलं की काय आठवतं? पगडी, चष्मा, अंगावर उपरणं आणि इतिहासाच्या पेपरातला चार मार्कांचा प्रश्न. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या इतिहासाच्या वहीत एक तक्ता होता. डावीकडे मवाळ, उजवीकडे जहाल. डावीकडे गोखले, उजवीकडे टिळक. तो पाठ केला, मार्क मिळाले आणि गोखले संपले!

पण हा माणूस आपल्या कोल्हापूर भागात वाढला, हे किती जणांना माहीत आहे? कोल्हापूरला खोली घेऊन, घरून महिन्याला येणाऱ्या मोजक्या पैशांवर तो शिकला. म्हणजे आपल्या भाषेत होस्टेलचा मुलगा. फरक एवढाच की त्याचे पैसे वडील पाठवत नव्हते. कोण पाठवत होतं आणि कशातून, त्याचीच ही गोष्ट आहे.

मी मूळची मलकापूरची. नकाशात बघितलं तर कोकणातून आंबा घाट चढून कोल्हापूरकडे येणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. विशाळगडच्या जहागिरीचं हे मुख्य ठिकाण. कोल्हापूर संस्थानाच्या हाताखाली अशा बऱ्याच जहागिऱ्या होत्या : विशाळगड, बावडा, इचलकरंजी, कापशी आणि घाटग्यांचं कागल. जहागीर म्हटली की छोटासा दरबार, कचेरी, फौजदार आणि पुष्कळ कारकून. कोकणात शेती थोडी आणि खाणारी तोंडं जास्त. त्यामुळे जरा लिहिता-वाचता येणारी माणसं घाट चढून देशावर यायची आणि अशा कचेऱ्यांत चिकटायची. आजही आमच्याकडे कितीतरी घरांची मुळं विचारली तर बोट घाटाखालीच जातं.

कृष्णराव श्रीधर गोखले असेच आले. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं ताम्हणमळा. कागलच्या जहागिरीत ते कारकून म्हणून लागले आणि पुढे फौजदार झाले. फौजदार ऐकून लगेच जीप आणि दरारा डोळ्यासमोर आणू नका. छोट्या जहागिरीतला फौजदार म्हणजे मान थोडा आणि पगार त्याहून थोडा. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई कोतळूकच्या, ओकांच्या घरातल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रामायण-महाभारतातल्या कथा तोंडपाठ होत्या. गोपाळचा जन्म आईच्या माहेरी कोतळूकला ९ मे १८६६ रोजी झाला. मोठा भाऊ गोविंद आणि बहिणी, असं हे भरलेलं घर होतं.

गोपाळचं पहिलं शिक्षण कागलला झालं. शांत, थोडा लाजरा, पण मनाला फार लावून घेणारा मुलगा. त्याच्या शाळेतली एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक चरित्रात सापडते. गुरुजींनी घरी करायला गणितं दिली होती. दुसऱ्या दिवशी सगळी बरोबर आलेला वर्गात एकटा गोपाळ. गुरुजींनी खूश होऊन त्याला पहिल्या नंबरावर बसायला सांगितलं आणि हा पठ्ठ्या रडायला लागला. एक गणित त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडवलं होतं, म्हणून ती जागा त्याला नको होती. आपल्याकडे एका असाइनमेंटवरून अख्ख्या मजल्याच्या फाइली तयार होतात, त्यामुळे या गोष्टीवर मी जास्त काही बोलत नाही!

दहा वर्षांच्या आसपास दोघा भावांना इंग्रजी शिकायला कोल्हापूरला ठेवलं. कागल ते कोल्हापूर साधारण वीस किलोमीटर. आज एसटीने अर्धा-पाऊण तास. तेव्हा मात्र घर सोडून राहायचं म्हणजे राहायचंच. रेल्वेचा प्रश्नच नव्हता, ती कोल्हापूरला आली १८९१ साली. गरीब घरची मुलं वार लावून जेवायची, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्यांना ते जमत नसे ती स्वतः चूल पेटवत. सुट्टी लागली की गाव, आई, चार दिवस पोटभर खाणं आणि पुन्हा परत. आपल्या दिवाळीच्या सुट्टीचंही तसंच नाही का? घरी पोचून बॅग सोडेपर्यंत परत जायची तारीख येते.

आणि मग १८७९ मध्ये वडील गेले. गोपाळ तेरा वर्षांचा होता. गोविंद अठराच्या आसपास, म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या मुलाच्या वयाचा.

मागे शिल्लक काही नव्हतं. काकांनी आई आणि मुलांना ताम्हणमळ्याला नेलं. ज्या गावाला सुट्टीत जायचं, तेच आता राहायचं गाव झालं. दोन्ही भावांचं शिक्षण तिथेच थांबलं असतं तर कोणाला नवल वाटलं नसतं. तशी घरं त्या काळात शेकड्यांनी होती. पण गोविंदने एक ठरवलं. त्याने स्वतःचं शिक्षण सोडलं, कागलला नोकरी धरली आणि धाकट्याला परत कोल्हापूरच्या शाळेत पाठवलं.

नोकरीचा पगार महिना पंधरा रुपये. त्यातले आठ रुपये गोपाळला.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा नुसता पुढे वाचत गेले. नंतर थांबले आणि परत मागे आले. आपण इंजिनिअर होणार ना, मग हिशेब करून बघू. पंधरातले आठ म्हणजे निम्म्याहून जास्त. उरले सात. त्या सातात आई, बायको, बहिणी आणि स्वतः. शिकणाऱ्या एकट्या मुलाला आठ आणि कमावणाऱ्याच्या अख्ख्या घराला सात! आमच्या घरी बाबांनी पगाराचा निम्म्याहून जास्त भाग मला पाठवला तर आई काय म्हणेल, याची मला चांगलीच कल्पना आहे.

आता दुसरी बाजू. एका रुपयाचे सोळा आणे. आठ रुपयांचे एकशे अठ्ठावीस. तीस दिवसांनी भागा, दिवसाला सव्वाचार आणे येतात. त्यात जेवण, खोली, फी, पुस्तकं, कपडे आणि दिव्याचं तेल. कोल्हापुरात त्या वेळी स्वस्ताई असली तरी सगळं बसवायचं म्हणजे कसरतच.

ही कसरत किती नाजूक होती ते एका नाटकामुळे कळतं. एका बऱ्या परिस्थितीतल्या मित्राने गोपाळला नाटकाला चलण्याचा आग्रह केला. मित्रच नेतोय असं समजून गोपाळ गेला. थोड्या दिवसांनी त्या मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने वाद घातला नाही, गुपचूप पैसे देऊन टाकले. पण दोन आणे म्हणजे त्याचा अर्ध्या दिवसाचा सगळा खर्च. ते कुठून तरी भरून काढायला हवे होते. जेवणातून किती काढणार? म्हणून दिव्याच्या तेलात काटकसर केली आणि तो रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यासाला बसू लागला.

रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून ऐकवली जाते. कुठल्याही थोर माणसाचं नाव घाला, दिवा तोच! लाइट गेली, नेट गेलं अशी कुरकुर केली की कोणीतरी वडीलधारं माणूस हा दिवा पेटवतंच. मला मात्र या गोष्टीत दिव्यापेक्षा ते दोन आणे महत्त्वाचे वाटतात. मित्राकडे नाही म्हणता येत नाही, भावाकडे जास्त मागता येत नाही. ही अडचण होस्टेलवर राहणाऱ्या कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही. कोणाच्या तरी वाढदिवसाची पार्टी होते, नंतर ग्रुपवर प्रत्येकी किती त्याचा हिशेब येतो आणि एखादा मुलगा पुढचे चार दिवस रात्री मेसला दिसत नाही. त्याचं कारण कोणी विचारत नाही.

गोविंद पैसे पाठवत होता म्हणून गोपाळ ते सहज घेत होता असं नाही. उलट त्या पैशाचं ओझं त्याच्या मनावर कायम होतं, असं पुढच्या सगळ्या वागण्यावरून दिसतं. चौदाव्या वर्षी त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याचं लग्नही झालं. १८८१ मध्ये पंधराव्या वर्षी तो मॅट्रिक पास झाला. मॅट्रिक ही त्या वेळी लहान गोष्ट नव्हती, सरकारी कचेरीत लगेच नोकरी मिळाली असती. दोघांचे पगार आले असते तर घराला श्वास घेता आला असता. गोपाळची तयारी होती. पण गोविंदराव आणि त्यांच्या पत्नी ऐकायला तयार नव्हते. वहिनींनी दिराच्या कॉलेजसाठी आपले दागिने विकायची तयारी दाखवली.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं. गोखल्यांच्या नावाचे रस्ते आहेत, संस्था आहेत. या वहिनींसाठी आपल्या पुस्तकांत एक ओळसुद्धा नाही. स्वतः शाळेची पायरी न चढलेली, सात रुपयांत घर चालवणारी एक तरुण मुलगी, आणि ती अंगावरचं सोनं पुढे करते ते नवऱ्याच्या धाकट्या भावाच्या डिग्रीसाठी. घरातल्या मुलीच्या किंवा सुनेच्या शिक्षणासाठी त्या काळी कोणी सोनं काढलं असतं का? मला शंका आहे. पण तो राग त्या काळावर, वहिनींवर नाही.

१८८२ मध्ये गोपाळ कोल्हापूरच्याच राजाराम कॉलेजात दाखल झाला. पाठांतर अफाट. इंग्रजीतले लांबच्या लांब उतारे, मिल्टनची कविता, बर्कचं गद्य तो तोंडपाठ करत असे. आज आपण पाठांतराला नावं ठेवतो (आणि ओरलच्या आदल्या रात्री तेच करतो). पण घरी कोणी इंग्रजीचा शब्द बोलत नाही, अशा मुलाला ती भाषा आपलीशी करायला दुसरा रस्ता कुठला होता? मला इंग्रजी शाळेत आयतं मिळालं. आमच्या वर्गात मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिल्या सेमिस्टरला व्याख्या अक्षरन् अक्षर पाठ करायची तेव्हा काही जण हसायचे. त्यातलीच दोन मुलं आज आमच्या बॅचची टॉपर आहेत.

बी.ए.च्या वरच्या वर्गांची सोय कोल्हापुरात नव्हती. म्हणून थोडे दिवस पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि मग मुंबईचं एल्फिन्स्टन. तिथे महिना वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि भावाच्या पगारातून येणारा हिस्सा एकदाचा थांबला. १८८४ मध्ये अठराव्या वर्षी ते बी.ए. झाले. (आता त्यांना अहो-जाहो करायला हरकत नाही.) तिथे त्यांच्या बरोबर कोकणातलाच एक मोठा वयाचा विद्यार्थी होता, धोंडो केशव कर्वे. हे कर्वे १८७५ मध्ये परीक्षेला बसण्यासाठी मुरुडहून डोंगर ओलांडून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते आणि वय कमी दिसतं म्हणून त्यांना तिथून परत पाठवलं होतं. पुढे १८९१ मध्ये गोखल्यांच्याच बोलावण्यावरून ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले. बाकी आपल्यासाठी खास बातमी म्हणजे बी.ए.नंतर गोखल्यांनी इंजिनिअरिंगचाही विचार केला होता! तो विचार त्यांनी सोडला. कायद्याच्या वर्गांना ते बसले, पण तेही पूर्ण झालं नाही. घराला पैसे हवे होते. १८८५ च्या सुरुवातीला पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये महिना पस्तीस रुपयांवर ते शिक्षक म्हणून लागले.

आता वाटेल की गोविंदरावांचे दिवस बदलले. तसं थोडंफार झालंही. पण १८८६ मध्ये गोखल्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं आजीव सभासद व्हायचं ठरवलं. म्हणजे वीस वर्षं तिथेच शिकवायचं, तेही महिना पंच्याहत्तर रुपयांवर. त्यांच्या हुशारीच्या माणसाला सरकारी नोकरीत याच्या कितीतरी पट मिळाले असते. ज्या भावाने निम्मा पगार काढून शिकवलं, त्याला जाऊन हे सांगायचं! गोविंदरावांनी परवानगी दिली. माझ्या मते गोखल्यांच्या चरित्रातला सगळ्यात अवघड प्रसंग हाच आहे, पुढचे व्हाइसरॉय वगैरे त्यामानाने सोपे. आपल्याकडे कॅम्पसमध्ये लागलेली नोकरी सोडून एखाद्याने गावात शिकवायला जातो म्हणून घरी फोन करून बघावा.

शाळा-कॉलेजात ते गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असं जे वाट्याला येईल ते शिकवत. अंकगणितावर त्यांनी पाठ्यपुस्तकही लिहिलं. मॅकमिलनने ते छापलं, कितीतरी शाळांत ते लागलं आणि त्यातून घराला बरा आधार झाला. कागलच्या शाळेत एका गणितावरून रडलेला मुलगा पुढे देशभरच्या मुलांना गणितं घालत होता! पुढचा सगळा राजकीय भाग, म्हणजे १९०५ ची काँग्रेस, भारत सेवक समाज, दक्षिण आफ्रिका, गांधीजींचे गुरू वगैरे, तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेला आहे. मी तो सोडून देते.

फक्त दोन गोष्टी सांगते, कारण त्या मला थेट त्या आठ रुपयांपाशी आणून सोडतात.

पहिली १९०२ ची. कायदे कौन्सिलात सरकारने अंदाजपत्रक मांडलं होतं आणि तिजोरीत शिल्लक आहे म्हणून सगळे खुशीत होते. गोखले उभे राहिले आणि सरकारचेच आकडे घेऊन त्यांनी दाखवलं की ही शिल्लक म्हणजे भरभराट नव्हे. दुष्काळाने पिचलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर वसूल झाला, म्हणून ती शिल्लक पडली. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. राजा असो वा हमाल, मीठ तेवढंच खाणार. पण कराचा चिमटा कोणाला बसतो? पुढच्याच वर्षी तो अडीचचा दोन रुपये झाला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. ज्याने दोन आण्यांसाठी दिव्याचं तेल तोडलं होतं, त्याला मणामागे आठ आणे म्हणजे काय हे कोणी शिकवायची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट शाळेची. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्या वर्षीच्या खानेसुमारीत देशात शंभरातल्या जेमतेम सहा माणसांना लिहिता-वाचता येत होतं. विधेयक काही क्रांतिकारक वगैरे नव्हतं. जिथे बरीच मुलं आधीच शाळेत जातात, तिथे नगरपालिकांना आणि लोकल बोर्डांना सरकारच्या परवानगीने सक्ती करता यावी, एवढंच. सुरुवात सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपासून. (मुली नंतर! इथेही नंतरच.) पण त्यात एक कलम होतं. ज्या पालकाचं उत्पन्न महिना दहा रुपयांपेक्षा कमी, त्याच्या मुलाला फी माफ. हा दहाचा आकडा काही उगाच आलेला नसणार. दहा रुपयांत घर कसं चालतं आणि त्यातून फी काढताना काय तुटतं, हे त्या कौन्सिलात बसलेल्या किती जणांना ठाऊक होतं? तिथे कोणी मोठे जमीनदार, कोणी बडे अधिकारी. शेतावरची पोरं शाळेत गेली तर कामाला माणसं मिळणार नाहीत, अशी भीती काहींनी उघड घातली. खर्चाचं कारण तर होतंच. १९ मार्च १९१२ रोजी मतं घेतली. बाजूने तेरा, विरुद्ध अडतीस.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. वय अठ्ठेचाळीस. सगळ्या देशाला लागू होणारा मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा व्हायला २००९ साल उजाडलं आणि तो अमलात आला १ एप्रिल २०१० ला. आज इंजिनिअरिंगला असलेल्या आपल्यातल्या बहुतेकांचं बालपण त्याच्या आगेमागेचंच.

कोल्हापूरने मात्र इतकी वाट पाहिली नाही. गोखल्यांच्या वडिलांनी ज्या कागलच्या घाटग्यांकडे नोकरी केली, त्याच घराण्यातला एक मुलगा १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला होता. राजर्षी शाहू महाराज. बाहेरगावच्या मुलांना राहायला जागा नाही म्हणून त्यांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेक बोर्डिंग सुरू केलं. गोपाळच्या वेळी त्यातलं एकही नव्हतं. आणि गोखल्यांचं विधेयक कौन्सिलात पडून पाच-साडेपाच वर्षं होताहेत तोवर, सप्टेंबर १९१७ मध्ये, महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिना एक रुपया दंड.